1 जानेवारीची रेघ

(दृश्य: निवड चाचणीचं मैदान. सकाळ. टेबलावर प्लॅस्टिकच्या फोल्डरांचा गठ्ठा.)

निवड चाचणीला आलेल्या मुलीचे बूट अजून पिशवीत असतात. हातात असतो फोल्डर. जन्माचा दाखला, आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाईड. टेबलामागचे सर तिचा खेळ नंतर बघणार, आधी तारीख बघतात. दाखल्यावर बोट ठेवतात, महिना वाचतात, साल वाचतात, मान वर करून मुलीकडे एकदा बघतात. तेवढा वेळ मुलगी श्वास रोखून उभी असते.

मुलींच्या वयोगटातल्या फुटबॉलमध्ये पहिली पात्रता इथे ठरते. 17 वर्षांखालील मुलींच्या 2026 च्या आशियाई चषकासाठी रेघ होती 1 जानेवारी 2009. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी आत. आदल्या रात्री जन्मलेली बाहेर, मग तिचा डावा पाय कितीही गोड चालो.

मोठ्यांच्या संघात एक स्पर्धा हुकली तर पुढची असते. इथे तसं नाही. पुढची स्पर्धा येईपर्यंत मुलीचं वय निघून गेलेलं असतं, आणि ते कुणी परत देत नाही. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीच्या बाबतीत हे घडलंय, म्हणून ते आधी सांगायला हवं.

(दृश्य: रिकामं स्टेडियम. खुर्च्यांच्या रांगा.)

मुलींचा 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात व्हायचा होता 2020 च्या नोव्हेंबरमध्ये. शहरं ठरली होती, अंतिम सामना नवी मुंबईत होणार हेही ठरलं होतं. 2003 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुली तयारी करत होत्या. करोना आला. स्पर्धा आधी 2021 च्या फेब्रुवारीवर गेली, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ती रद्दच झाली. भारताला त्याऐवजी 2022 चं यजमानपद मिळालं. देशाचं नुकसान भरून निघालं. पण 2003 आणि 2004 सालच्या मुलींचं काय? 2022 साठी रेघ सरकून 2005 वर गेली होती. त्यांचा विश्वचषक झालाच नाही, आणि तो पुन्हा कधी होणारही नव्हता.

2022 ची वाटही सरळ नव्हती. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. मुली शिबिरात घाम गाळतायत, आणि स्पर्धा भारतात होणार की नाही याचाच पत्ता नाही. 26 ऑगस्टला निलंबन उठलं. 11 ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर भारताचा पहिला सामना होता.

कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव. ती कर्णधार झाली म्हणून प्रशासनाने तिच्या गावापर्यंत रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील रोजंदारीवर जात होते. त्या वेळी ही बातमी देशभर छापून आली. या मुली कुठून चालत येतात, हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने तो रस्ता डोळ्यांसमोर आणावा. त्याच संघात पुण्याची काजोल डिसूझाही होती.

अमेरिकेकडून 0-8. मोरोक्कोकडून 0-3. ब्राझीलकडून 0-5. भारताच्या नावावर एकही गोल नाही.

आकडे बघून लोक बोलायचं ते बोलले. मला मात्र मोरोक्कोच्या सामन्याचा पूर्वार्ध आठवतो. मध्यंतरापर्यंत 0-0 होतं. तिन्ही गोल उत्तरार्धातले. मोरोक्कोच्या मुली आफ्रिकेच्या पात्रता फेऱ्या खेळून इथवर पोहोचल्या होत्या. अमेरिका, ब्राझील, सगळे आपापल्या खंडात झुंजून आले होते. आपल्या मुलींना जागा यजमान म्हणून मिळाली होती. सराव होता, परदेश दौरे झाले होते. नव्हते ते असे सामने, ज्यांत हरलं की घरी जायचं असतं. ते सामने पात्रता स्पर्धेत मिळतात, आणि त्यांची उणीव शिबिरात भरून निघत नाही. दोष त्या मुलींचा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

ती स्पर्धा पुढे आपल्या अंगणात रंगली. उपांत्य सामने मडगावच्या फातोर्ड्यात झाले, आणि 30 ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवून चषक उचलला.

(दृश्य: विमानतळ. एकसारखे ट्रॅकसूट घातलेल्या मुली, ट्रॉलीवर जाळीत भरलेले चेंडू.)

पात्रता स्पर्धेचा थाट तसा नसतो. जाहिराती नाहीत, गर्दी नाही. बहुतेक वेळा गॅलरी इतकी रिकामी असते की गोलरक्षक बचावपटूंना ओरडून काय सांगतेय, ते शब्दन् शब्द ऐकू येतं. तीन-चार संघ एका शहरात जमतात, आठवड्याभरात सगळं उरकतं. एक वाईट दिवस आला की दोन वर्षांची मेहनत तिथेच थांबते.

ऑगस्ट 2025. म्यानमारमधलं यांगोन. 20 वर्षांखालील मुलींच्या आशियाई चषकाची पात्रता फेरी. पहिल्याच सामन्यात इंडोनेशियाशी 0-0. पात्रता फेरीत अशी बरोबरी गळ्याशी येते, कारण पुढे प्रत्येक गोल मोजावा लागतो. दुसऱ्या सामन्यात तुर्कमेनिस्तानवर 7-0. आणि शेवटी यजमान म्यानमार, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर.

27 व्या मिनिटाला पूजाने गोल केला. मग उरला तासाभराचा खेळ. म्यानमारच्या मुली लाटेसारख्या येत राहिल्या आणि गोलरक्षक मोनालिशा देवी उभी राहिली. 1-0. भारत 20 वर्षांनी त्या चषकाला पात्र ठरला.

संघाची कर्णधार होती शुभांगी सिंग. ती आणि मोनालिशा, दोघीही 2022 च्या त्या विश्वचषकाच्या चमूत होत्या. भुवनेश्वरच्या तीन पराभवांनंतर ज्या मुलींना सगळे विसरून गेले, त्यांतल्याच या दोघी.

(दृश्य: बिश्केक. लांबवर बर्फाचे डोंगर.)

दोन महिन्यांनी धाकट्या बहिणींची पाळी, 17 वर्षांखालील आशियाई चषकाची पात्रता फेरी. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, ऑक्टोबर 2025.

इथलं गणित जास्त कडक होतं. मोठ्या मुलींच्या गटात दुसरं येऊनही आशा राहत होती, कारण दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम तीन संघांना जागा होती. 17 वर्षांखालच्या मुलींना ती सोय नव्हती. चीन यजमान म्हणून थेट आत. उत्तर कोरिया, जपान, दक्षिण कोरिया मागच्या वेळच्या कामगिरीवर थेट आत. बाकी आशियासाठी आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला. भारताच्या गटात तीनच संघ, म्हणजे हातात दोनच सामने.

दोन सामने! शाळेची सहामाहीसुद्धा यापेक्षा जास्त पेपरांची असते.

प्रशिक्षक होते स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन. यांगोनचा संघही त्यांचाच. या मुलींनी ऑगस्टमध्येच भूतानच्या थिम्फूत दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली होती. थिम्फूत बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या तिघांशीही प्रत्येकी दोनदा खेळून झालं होतं. 2022 च्या मुलींकडे जे नव्हतं, ते यांच्याकडे थोडंफार जमा झालं होतं.

13 ऑक्टोबरला यजमान किर्गिझस्तानवर 2-1. आणि 17 ऑक्टोबरला उझबेकिस्तान.

38 व्या मिनिटाला उझबेकिस्तानने गोल केला. 0-1.

अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक मध्यंतराची वाट बघतात. मुलींना खोलीत नेऊन पाणी पाजून, समजावून मग बदल करतात. अलेक्झांडरसन थांबले नाहीत. मध्यंतराला काही मिनिटं असतानाच त्यांनी बदली खेळाडू उतरवली. थांडामणी बास्के, बंगालची मुलगी. पूर्वार्धात मैदानाबाहेर बोलावलेल्या मुलीच्या मनाला ते लागतं, आणि आत येणारीच्या डोक्यावर सगळं ओझं येतं. हा निर्णय धाडसाचा होता, आणि माझ्या मते सामना तिथेच फिरला.

55 व्या मिनिटाला थांडामणीने बरोबरी साधली. 66 व्या मिनिटाला तिच्याच पासवर झारखंडच्या अनुष्का कुमारीने गोल केला. 2-1.

मग राहिली 24 मिनिटं आणि भरपाई वेळ. टीव्हीसमोर बसलेल्यांना ती लांब वाटतात, मैदानातल्या मुलीला तर संपता संपत नाहीत. चेंडू बाहेर गेला की धावत जाऊन आणायचा की चालत, हे आपापसांत नजरेने ठरतं. पायात गोळे आलेली मुलगी खाली बसत नाही, कारण बसली तर उठवणार नाही हे तिला माहीत असतं. मुलींनी ती मिनिटं काढली.

पंचाची शिट्टी वाजली तेव्हा भारत गटात पहिला होता.

17 वर्षांखालच्या आशियाई चषकात भारतीय मुली याआधी शेवटच्या खेळल्या होत्या 2005 मध्ये, आणि तेव्हा पात्रता फेरी नव्हतीच. मैदानातून एकमेकींना हरवून, गट जिंकून तिथे जाण्याची ही पहिलीच वेळ.

(दृश्य: मैदानात एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या मुली. निळ्या जर्सी. हळूहळू दृश्य धूसर.)

2005 साली यांच्यातली एकही मुलगी जन्मली नव्हती.