दोन नावांचा चेक

नमस्कार मंडळी. लग्नाचा सीझन आलाय आणि आहेराच्या पाकिटात अजूनही चेक घालणारे मामा, काका, ऑफिसातले साहेब आहेत, त्यांचं कौतुकच आहे, पण हौसेने त्यावर लिहितात काय, तर चि. अमोल आणि चि. सौ. कां. स्नेहा. पत्रिकेत छान दिसतं हो ते, बँकेत मात्र तिथूनच भानगड सुरू होते.

दोन नावांच्या मध्ये 'आणि' लिहिलं की तो पैसा दोघांचा मिळून झाला. आपला चेकचा कायदा १८८१ चा, पार इंग्रजांच्या काळातला, पण त्यात दोन्ही सोयी आहेत, चेक दोघांना मिळून देता येतो नाहीतर दोघांपैकी कुणा एकाला. म्हणजे काकांनी 'किंवा' लिहिलं असतं तर अमोलने एकट्याने आपल्या खात्यात भरला असता आणि विषय संपला असता. 'आणि' असेल तर दोघांचं जॉइंट खातं लागतं. नुसता स्वल्पविराम मारला असेल तरी बँक साधारण 'आणि'च समजते, कारण एकाला पैसे दिले आणि उद्या दुसरा भांडायला आला तर निस्तरायचं कुणी?

मग लोक म्हणतात, मागे दोघांच्या सह्या करू आणि टाकू एकाच्या खात्यात. चेकवर दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलेलं असेल तर ते चालत नाही, ज्यांची नावं चेकवर त्यांच्याच खात्यात तो जमा करायचा असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. ड्रॉप बॉक्समध्ये टाकून नशीब आजमावू नका, चेक परत येतो. उलट बाजूने मात्र अडचण नसते, चेक एकाच्या नावाचा आणि खातं दोघांचं, हे बहुतेक बँका बिनबोभाट घेतात.

खरी गंमत आडनावाची. काकांनी स्नेहाचं सासरचं आडनाव लिहिलं, आणि तिचं पॅन, आधार, बँक सगळं माहेरच्या नावावर, आता ती कागदोपत्री वेगळीच बाई झाली ना. घाईने जॉइंट खातं उघडलं तरी ते केवायसीतल्या नावानेच उघडणार, म्हणजे चेक पुन्हा जुळला नाही. कुणी मॅरेज सर्टिफिकेट बघून घेतंही, पण ते त्या शाखेवर आहे, खात्री धरू नका. आणि प्लीज, चेकवर स्वतः खाडाखोड करू नका, काकांनी शेजारी सही केली तरी नावातला बदल क्लिअरिंगमध्ये, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत चेक वटताना, चालत नाही, तारीख तेवढी बदलता येते.

सगळ्यात सोपं म्हणजे काकांना फोन करून नवीन चेक मागायचा, एकाच्या नावाचा. लाजायचं काय त्यात, त्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात पडून असतात. फक्त लवकर करा, १ एप्रिल २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो, आणि हनिमून, पूजा, पाचपरतावन यात तीन महिने कधी जातात कळतही नाही.

रक्कम मोठी असेल, बिल्डरचा रिफंड किंवा दोघांच्या नावच्या एफडीचे पैसे, तर समोरचा सहसा नाव बदलून देत नाही, कारण त्याच्या कागदावर दोघं आहेत. तिथे सरळ जॉइंट खातं उघडा, किंवा असलेल्या खात्यात दुसरं नाव घाला, दोघांनी केवायसीचे कागद आणि फोटो घेऊन एकत्रच जा म्हणजे सहीसाठी परत हेलपाटा नको. फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एक किंवा मागे राहिलेला, असं असतं ते पैसे काढायच्या वेळेचं, ते खूण केलं म्हणून दोन नावांचा चेक एकाच्या खात्यात जात नाही, हे पुष्कळ जण गल्लत करतात.

आणि पतपेढीत खातं असलेल्यांसाठी, पतपेढीमार्फत असा अकाउंट पेयी चेक वटवता येतो, पण ५०,००० रुपयांपर्यंतचाच, आणि पतपेढीचं खातं ज्या बँकेत आहे ती बँक त्याला तयार असली तर. त्यामुळे चेक भरण्याआधी मॅनेजरला विचारून घ्या.