द्वारका चौक ओलांडायला किती सेकंद लागतात

मंडळी, सुरुवात आईपासून करतो. माझी आई नाशिकच्या काठे गल्लीत राहते, वय 78, बाकी तब्येत ठणठणीत पण गुडघे बोलायला लागलेत, आणि द्वारका चौकाच्या पलीकडे डॉक्टरांकडे जायचं असलं की ती रिक्षा करते. चालत पाच-सात मिनिटांचं अंतर. रिक्षावाल्याला वळसा घालून जावं लागतं, तो त्याचे पैसे घेतो, त्यात त्याची काही चूक नाही. मी एकदा म्हटलं अगं एवढ्याशासाठी रिक्षा कशाला, तर म्हणाली, तू मला तो चौक ओलांडून दाखव मग बोल. गेलो तिचा हात धरून. अर्ध्यात पोचलो आणि पुण्याकडच्या गाड्या सुटल्या, दोघं मधेच उभे, एका बाजूने ट्रक, एका बाजूने बस, आणि तिने माझा दंड असा काही घट्ट धरला की तो अजून लक्षात आहे. त्यानंतर मी तिला रिक्षाबद्दल कधी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला शहराच्या वाहतूक आराखड्याबद्दल ऐकायला बोलवलंत आणि हे काय. पण हेच आहे ते. कारण त्या चौकात जेव्हा वाहनं मोजायला माणसं बसतात तेव्हा माझी आई त्यांच्या कागदावर एक रिक्षा म्हणून येते. चालत गेली असती तर तिथे तिचा आकडा शून्य.

हे मी उगाच म्हणत नाही. रस्त्यावरची गर्दी मोजायला आपल्याकडे पीसीयू नावाचं एकक आहे, म्हणजे एक कार बरोबर एक धरायचं आणि बाकी सगळं त्या मापात बसवायचं. इंडियन रोड्स काँग्रेसचा 1990 चा तक्ता आहे शहरी रस्त्यांचा, त्यात रिक्षा 1.2 ते 2, बस किंवा ट्रक 2.2 ते 3.7, सायकल 0.4 ते 0.5, हातगाडी सुद्धा आहे त्यात, 2 ते 3. चालणारा माणूस नाही. हातगाडी आहे पण ती ढकलणारा नाही! आणि बस बघा, चाळीस माणसं घेऊन जाणारी बस तीन कारइतकी "अडचण" म्हणून धरली जाते, त्या तीन गाड्यांत मिळून माणसं किती असतात ते कॉलेज रोडला संध्याकाळी उभं राहून बघा, बहुतेक गाडीत एकच. ते माप रस्त्याच्या क्षमतेसाठी बनवलंय हे मला कबूल आहे, त्या कामाला ते बरोबरच आहे, पण आपण त्याच मापाने अख्ख्या शहराची गरज मोजायला लागलो तिथे गडबड झाली.

आता आराखडा म्हणजे नक्की काय ते थोडक्यात सांगतो कारण दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. एक असतो विकास आराखडा, डीपी, तो राज्याच्या नगररचना कायद्याखाली, एमआरटीपीखाली होतो, जमिनीवर आरक्षणं टाकतो, रस्त्याची रुंदी आखतो. आपला महापालिका झाल्यानंतरचा, म्हणजे 1982 नंतरचा, पहिला 1993 ला मंजूर झाला आणि सुधारित 2017 ला. कायदा म्हणतो वीस वर्षांत एकदा तरी सुधारा. दुसरा असतो सर्वंकष वाहतूक आराखडा, ऑफिसात त्याला सीएमपी म्हणतात, तो जमिनीचा नाही तर येण्याजाण्याचा, कोण कुठून कुठे कशाने जातंय आणि वीस वर्षांनी कसं जाणार. केंद्राची अपेक्षा अशी की हा दर पाच वर्षांनी उघडून बघायचा, आकडे ताजे करायचे. मेट्रो पाहिजे असेल तर 2017 च्या मेट्रो धोरणानुसार तो असावाच लागतो, आणि तिथेच मेख आहे, एखादा मोठा प्रकल्प मंजूर करून घ्यायला आराखडा करायचा आणि प्रकल्प अडकला की आराखडाही कपाटात.

मेट्रो निओचंच घ्या. 2019 ला राज्याने मान्यता दिली, 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकसाठी 2092 कोटी जाहीर झाले, टायरवर चालणारी, वरून तारेतून वीज घेणारी, गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका. पेढे वाटले लोकांनी. त्यानंतर इतकी वर्षं गेली आणि एक खांब उभा नाही. का अडकलं त्याच्यात मी आज जात नाही. माझं म्हणणं एवढंच की आराखड्यात एक पान असं पाहिजे होतं, हे नाही आलं तर काय. त्या मार्गावर लोकं तर रोज जातायतच ना, ती काही खांबाची वाट बघत थांबलेली नाहीत.

आणि तो मार्ग आजचा नाही बरं का. रेल्वे आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली, त्यामुळे स्टेशन ते गाव हा आपला सगळ्यात जुना प्रवास. 1889 ला तिथे ट्राम सुरू झाली होती, सुरुवातीला चक्क घोड्यांची, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात जाऊन बंद पडली. रूळ गेले पण जायची गरज गेली नाही, आज त्याच दिशेला सीबीएस, शालिमार, द्वारका, उपनगर, बिटको अशी शेअर रिक्षांची आणि सिटीलिंकची, म्हणजे आपल्या शहर बसची, रांग असते. पंचवटी एक्स्प्रेस पकडणाऱ्या पासवाल्यांना विचारा, त्यांचा अर्धा जीव मुंबईच्या प्रवासात जात नाही, तो घरापासून नाशिकरोडपर्यंत पोचण्यात जातो.

बसचं गणित अगदी सोपं आहे. केंद्राचा निकष लाख लोकसंख्येला 40 ते 60 बस. 2011 च्या जनगणनेत आपण होतो 14 लाख 86 हजार. म्हणजे कमीत कमी बाजू धरली तरी जवळपास 600 बस. 8 जुलै 2021 ला सिटीलिंक सुरू झाली तेव्हा नियोजनच 250 चं होतं, आणि हे मी 2011 च्याच लोकसंख्येवर बोलतोय, 2001 ते 2011 या दहा वर्षांत आपण 38 टक्क्यांनी वाढलो होतो हे लक्षात घ्या. उड्डाणपुलासारखा बसचा फोटो छान येत नाही हे मान्य, पण पाथर्डी फाट्याहून सातपूर एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या मुलीला दर दहा मिनिटांनी बस आहे की नाही यावर तिची नोकरी अवलंबून असते. बस नाही म्हणून बाप हप्त्यावर स्कूटी घेऊन देतो. पुढच्या सर्वेक्षणात ती स्कूटी दिसते, आणि मग अहवाल म्हणतो, नाशिककरांचा कल दुचाकीकडे आहे. कल कसला, दुसरं काही होतं का तिच्यापुढे?

या सर्वेक्षणाबद्दल जरा जास्त बोलतो कारण मी ते स्वतः केलंय. कॉलेजात असताना सुट्टीत, एका संस्थेसाठी, घरोघरी फॉर्म भरायचे. पंचवटीत एका वाड्यात गेलो, एक आजी दारात गहू निवडत बसल्या होत्या. विचारलं, आजी काल तुम्ही कुठे कुठे गेलात. म्हणाल्या, मी कुठे जाते बाबा, घरीच असते. मी लिहिलं, प्रवास शून्य. मग मुलाचं विचारायला लागलो, तो ऑफिसला जातो, मोटरसायकल, सकाळी नऊ, सगळं नीट भरलं. तेवढ्यात सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घरी कुठल्या, सकाळी काळारामाला जातात, मग पिंटूला शाळेत सोडतात, येताना भाजी, दुपारी त्याला परत आणायला, संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी. सगळं चालत! मुलाच्या दोन फेऱ्या, आजींच्या पाच. फॉर्मवर मुख्य प्रवास लिहायला एकच ओळ होती. मी समासात लिहिलं, पुढे कॉम्प्युटरवर भरताना समास कोण बघतो.

त्या फॉर्मवरून मग मॉडेल बनतं, शहराचे छोटे छोटे झोन पाडतात, प्रत्येक झोनमधून किती प्रवास निघतात, कुठे पोचतात, कशाने होतात आणि शेवटी कुठल्या रस्त्यावर पडतात अशा चार पायऱ्या. पहिल्या पायरीला जे गळलं ते चौथीला परत येत नाही. आजी पहिल्या पायरीलाच गळाल्या, म्हणून त्यांच्या गल्लीला फूटपाथ नाही. इतकं सरळ आहे ते.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगतो, आपल्या शहराला चालणारी माणसं मोजता येतात. उत्तम येतात. 27 ऑगस्ट 2003, सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. अरुंद उतरती गल्ली, आणि माणसांचा लोंढा. त्यानंतर 2015 च्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, प्रशासनाने नदीकडे जायचे रस्ते वेगळे, परतीचे वेगळे असं आखलं, बाहेर पार्किंग, तिथून बस, मग चालत, कुठल्या घाटावर किती माणूस मावेल याचे हिशोब झाले. पायपीट फार झाली अशी तक्रार होती आणि ती खरीच होती, पण तसा प्रसंग परत आला नाही. म्हणजे माणूस हे एकक धरून, रस्त्याची रुंदी त्याच्या चालण्याने मोजून, याच नाशिकमध्ये याच अधिकाऱ्यांनी नियोजन केलंय. पर्वणी संपली की आपण परत गाड्या मोजायला लागतो. बारा वर्षांतले काही दिवस पाहुण्याला जे मिळतं ते रविवार कारंजाला रोज चालणाऱ्या नाशिककराला का मिळू नये, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि आराखडा अपडेट करताना मला तेवढा एकच बदल पाहिजे, गाडी ऐवजी माणूस मोजा. फेरी मोजा, चालत केलेली सुद्धा. आणि न झालेली सुद्धा, म्हणजे कुठे जायचं होतं पण गेला नाहीत, असा एक प्रश्न फॉर्मवर छापा.

यात वेळेचाही एक मुद्दा आहे. सिंहस्थ तोंडावर आहे, 2027 ला मुख्य पर्वण्या, परिक्रमा मार्ग, रस्ते, पूल, सगळीकडे खोदकाम. जनगणनाही 2027 लाच. या धामधुमीत सर्वेक्षण केलं तर आकडे भलतेच येतील, अर्धे रस्ते बंद आणि लोकं वाकड्या वाटेने जातायत. माझं मत, मोजणी सिंहस्थ उरकल्यावर थंडीत करा, शाळा चालू असताना, सणवार सोडून, नवी जनगणना हाताशी घेऊन. तोवर जे रस्ते आत्ता होतायत त्यांना फूटपाथ तरी सोडा, 1.8 मीटर मोकळा, हा इंडियन रोड्स काँग्रेसचाच किमान निकष आहे, त्यात विजेचा डीपी बॉक्स आणि होर्डिंगचा खांब धरायचा नाही.

परवा एकाने मला विचारलं, सर मग द्वारकेला काय करणार, अजून एक पूल? पूल आहे तिथे. 2013 ला मुंबई-आग्रा हायवेचा उड्डाणपूल सुरू झाला, लांबची वाहतूक वरून निघून गेली, ते चांगलंच झालं. खाली राहिली ती आपली. नाशिकरोडची, काठे गल्लीची, सारडा सर्कलकडची. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्गही बांधला, लोकांनी तो वापरला नाही, कारण गुडघे दुखणारं माणूस रस्ता ओलांडायला एक मजला खाली आणि एक मजला वर का करेल?

एक हिशोब सांगतो, घरी जाऊन करून बघा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. 14 मीटर रस्ता धरला तर साधारण 12 सेकंद. मी आईला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये 14 मीटर चालायला लावलं, मोबाईलवर वेळ लावून. 21 सेकंद. दुसऱ्यांदा लावलं तर म्हणाली, आता पुरे, मला दूध तापवायचंय.