हुप्याचे सुळे

नमस्कार, श्रोतेहो. आंब्याला मोहोर धरला की आपल्या कोकणात वानरांची राखण सुरू होते. बाग राखताना कधीतरी समोरच्या कौलांवर बसलेल्या हुप्याकडे नीट बघा. त्याने जांभई दिली की वरचे दोन सुळे दिसतात, लांब आणि मागच्या कडेला धारदार. जवळच्या मादीलाही सुळे असतात, पण कितीतरी आखूड. बाकी हिशेब दोघांचा सारखाच. दात ३२, अगदी आपल्याइतकेच.

लहानपणी मला वाटायचं, हे सुळे फळं फोडायला असणार. पण मादी तीच कोवळी पानं, तोच मोहोर, त्याच कैऱ्या खाते आणि तिचं काही अडत नाही. नराचे सुळे आहेत ते दुसऱ्या नरासाठी. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्येच हे मांडलं होतं. माद्यांसाठी नरांची झुंज जिथे जास्त, तिथे हत्यारही मोठं.

वानरांच्या टोळीत बहुधा एकच हुप्या असतो आणि बाहेर बिनटोळीचे नर टपलेले असतात. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ, म्हणजे आपल्या घाटापलीकडेच, हे पाहिलं. बाहेरचे नर चालून आले, जुना हुप्या हाकलला गेला आणि पिल्लंसुद्धा मारली गेली. वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

या हत्याराला धारही आपोआप लागते. तोंड मिटताना वरचा सुळा खालच्या पहिल्या उपदाढेवर घासतो, जशी आपण दगडावर कोयती घासतो तशी.

आता आसामातला हुलॉक गिबन घ्या, वानरांचा बिनशेपटीचा नातलग. नर-मादी जोडीने राहतात, आपली हद्द दोघंही राखतात. तिथे मादीचे सुळेही नराइतकेच लांब!

आणि माणूस? स्त्री-पुरुषांच्या दातांत सर्वांत जास्त फरक सुळ्यातच असतो, पण तो इतका थोडा की आरशात कळायचा नाही. इथिओपियात सापडलेल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकसमध्येही, म्हणजे माणसाच्या कुळातल्या एका फार जुन्या प्राण्यामध्येही, नरांचे सुळे लहान झालेले दिसतात.

हुप्याचे मात्र तसेच आहेत. त्याची जांभई दर वेळी झोपेची नसते, पुष्कळदा ती धमकी असते. तो तुमच्याकडे बघत तोंड वासू लागला, तर खळ्यातली मुलं आधी घरात घ्या.