सैन्य थांबले तिथे सीमा: पुणे डिव्हिजन आणि इराकचा जन्म

बसरा, म्हणजे आजच्या इराकमधले बंदर, हा शब्द मराठी घरांत पहिल्यांदा आला तो दागिन्यांच्या डब्यातून. नथीतला मोती बसऱ्याचा आहे की साधा, याची चर्चा अजूनही घराघरांत होते. १९१४ नंतर मात्र हाच शब्द सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूरकडच्या अनेक घरांत वेगळ्या वाटेने शिरला. पलटणीत गेलेला मुलगा कुठे आहे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आज मी या दुसऱ्या वाटेविषयी बोलणार आहे.

पहिल्या महायुद्धाची कारणे सांगताना आपण सारायेव्होतील खुनापासून सुरुवात करतो आणि युरोपातील तह-करारांची साखळी उलगडून दाखवतो. युरोपपुरते ते योग्यच आहे. परंतु युरोपातील भांडण जगाचे युद्ध कसे झाले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने मुंबईच्या बंदरात यावे. ऑक्टोबर १९१४ च्या मध्यावर सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड या बंदरातून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. २३ ऑक्टोबरला ही जहाजे बहारीनला पोहोचून नांगर टाकून उभी राहिली. त्या दिवशी तुर्कस्तान युद्धात उतरलेलाही नव्हता. तुर्की आरमाराने काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर तोफा डागल्या त्या २९ ऑक्टोबरला. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले ५ नोव्हेंबरला. आणि दुसऱ्याच दिवशी ही ब्रिगेड टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या एकत्र येऊन झालेल्या शत अल-अरबच्या मुखाशी, तुर्कांच्या ताब्यातल्या फाव येथे, किनाऱ्यावर उतरली.

एवढी तयारी कशासाठी होती, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९०८ मध्ये इराणात मस्जिद सुलेमान येथे तेल लागले होते. ते नळांतून अबादानच्या शुद्धीकरण कारखान्यात येत होते, आणि अबादान बसऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते, आणि महायुद्धाच्या अगदी तोंडावर ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. तेलाखेरीज आखातातील अरब शेखांवर वचक ठेवणे आणि भारतातील मुसलमान प्रजेला साम्राज्याचे बळ दाखवणे, हेही हेतू होते. तरीही हे सगळे हेतू बसरा हाती येताच साधले होते, आणि बसरा नोव्हेंबर १९१४ संपण्यापूर्वीच पडला होता.

माझ्या मते या मोहिमेतली शिकण्यासारखी गोष्ट इथून पुढे आहे. बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना घेतले, कुर्नाच्या रक्षणासाठी अमारा, नंतर नासिरिया, नंतर कूत. प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या बचावासाठी टाकले जात होते, आणि शेवटी कुठे थांबायचे हे भारत सरकारच्या सिमल्यातही ठरले नव्हते आणि लंडनमध्येही नाही. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत नामुष्की झाल्यावर लंडनला कुठूनतरी विजयाची बातमी हवी होती, म्हणून ऑक्टोबर १९१५ मध्ये बगदादवर चाल करण्यास परवानगी मिळाली. पुढच्याच महिन्यात बगदादच्या अलीकडे टेसिफोनच्या लढाईत जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालचे साडेचार हजार सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले.

जखमींसाठी वेगळ्या बोटी नव्हत्या. त्यांना उघड्या गाधांवर, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांवर, गुरांसारखे भरून, टायग्रिसमधून बसऱ्याकडे धाडण्यात आले. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टराने पुढे या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगापुढे साक्ष दिली (मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक). अशी एक बोट बसऱ्याला येताना त्यांना लांबून दिसली, तेव्हा तिच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असे त्यांना वाटले. बोट जवळ आल्यावर कळले की ती विष्ठा होती. जागचे हलू न शकणारी माणसे कित्येक दिवस एकमेकांना चिकटून पडली होती. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला.

उरलेले सैन्य माघार घेऊन कूतमध्ये आले आणि तुर्कांच्या वेढ्यात अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि गावातले सुमारे ६ हजार अरब रहिवासीही होते. त्यांना तर या युद्धाविषयी कोणी काही विचारलेच नव्हते. शहरात धान्य सापडले, पण दळायची सोय नव्हती, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या गेल्या. पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरीने गाठले, कोंड्यासकट कणीक खाणाऱ्या भारतीयांना तो रोग फारसा झाला नाही. पण घोड्याचे मांस खायला बहुतेकांनी अखेरच्या दिवसांपर्यंत नकार दिला, ताजी भाजी नव्हतीच, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. हा स्कर्व्ही होता. वेढा फोडण्यासाठी नदीच्या खालच्या अंगाने आलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याचे सुमारे २३ हजार लोक कामी आले वा जखमी झाले. म्हणजे जेवढ्यांना सोडवायचे होते, त्याहून कितीतरी अधिक. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसे शरण गेली आणि त्यांतली बहुसंख्य भारतीय होती. तुर्कांनी त्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो परतले नाहीत. सेनापती टाउनशेंड यांची कैद मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, चांगल्या बंगल्यात गेली.

कूत पडण्याच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. या दोन घटनांचा त्या दिवशी एकमेकींशी संबंध नव्हता. वर्षभरात तो आला. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने भारत सरकारच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हिंदुस्थानचे सरकार फार ताठर आणि कालबाह्य झाले आहे, असे पार्लमेंटात सांगणारे माँटेग्यू त्यांच्या जागी आले, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनीच केली. त्या घोषणेमागे होमरूलची चळवळ होती, भारतातून आणखी सैनिक मिळवण्याची गरज होती. पण टायग्रिसवरच्या त्या गाधाही होत्या, हे आपल्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही.

आता इराककडे वळू. बगदाद मार्च १९१७ मध्ये पडले. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्तानशी मुद्रोसचा युद्धविराम झाला, तेव्हा ब्रिटिश सैन्य मोसुलच्या दक्षिणेला होते. युद्ध थांबलेले असतानाही ते पुढे गेले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसुल ताब्यात घेतले. तुर्कस्तानने या कृतीला पुढे अनेक वर्षे हरकत घेतली. अखेर १९२५ मध्ये राष्ट्रसंघाने मोसुल प्रांत इराकला दिला आणि १९२७ मध्ये किर्कुकजवळ तेलाचा प्रचंड साठा लागला. इराकच्या उत्तर सीमेला डोंगर किंवा भाषा यांपेक्षा पलटणींची चाल अधिक कारण झाली आहे. १९२० च्या सेव्हर तहात कुर्दांना स्वतंत्र राज्याची आशा दाखवली होती, १९२३ च्या लोझान तहात तिचा उल्लेखही उरला नाही. मोसुल, बगदाद आणि बसरा हे तीन तुर्की प्रांत एकत्र बांधून १९२१ मध्ये ब्रिटिशांनी फैसल या अरब राजपुत्राला राजा केले. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या लोकांनी जो उठाव केला, तो मोडायलाही पुन्हा भारतीय सैन्यच आणले गेले. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, भारतीय डिव्हिजन पुन्हा बसऱ्याला उतरली. एकाच शतकात, एकाच बंदरात.

मेसोपोटेमियात गेलेल्या भारतीयांची संख्या ६ लाखांच्या घरात होती. त्यांतले निम्मे लढाऊ नव्हते; खेचरे हाकणारे, ओझी वाहणारे, पाणी भरणारे होते. बसऱ्याच्या स्मारकावर या मोहिमेतल्या ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांसाठी मात्र पलटणीच्या खाली, आणखी इतके भारतीय सैनिक, असा आकडा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी पाहिली आहे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, एवढाच तिच्यावर मजकूर आहे. मी बसऱ्याच्या स्मारकाविषयी वाचले होते, म्हणून निदान इथे तरी नावे असतील असे वाटून पाटीवरची धूळ हाताने पुसून काढली. तिथेही आकडाच होता.