एका 'एस'ची गोष्ट: हेन्री आठवा आणि त्याची गादी

७ सप्टेंबर १५३३. ग्रीनिचच्या राजवाड्यात राणी ॲन बोलेन बाळंत झाली. बातमी कळवायची पत्रं आधीच लिहून तयार होती, आणि त्यात 'प्रिन्स' असं लिहूनही टाकलेलं, कारण मुलगाच होणार असं ज्योतिष्यांनीसुद्धा छातीठोक सांगितलेलं. झाली मुलगी. मग काय, त्या शब्दाच्या शेपटीला एक 'एस' चिकटवला आणि पत्रं रवाना केली. मुलाच्या आनंदात व्हायच्या घोडेस्वारांच्या झुंजी मात्र रद्द.

त्या मुलीचं नाव एलिझाबेथ. आणि बाप इंग्लंडचा राजा हेन्री आठवा, सहा लग्नांवाला.

हेन्री १५०९ मध्ये राजा झाला तेव्हा त्याला अठरावं वर्षही पूर्ण नव्हतं. लगेच लग्न केलं ते स्पेनच्या कॅथरीनशी, म्हणजे खरं तर थोरल्या भावाच्या विधवेशी, वहिनीशीच, आणि त्यासाठी पोपची खास परवानगी काढलेली होती. १ जानेवारी १५११ ला मुलगा झाला, मोठा थाटमाट झाला, आणि ५२ दिवसांत बाळ गेलं. नंतरही मुलं होत राहिली आणि जात राहिली. जगली ती एकटी मेरी, १५१६ ची.

आता गंमत बघा. हेन्रीला मुलगा होता की! राणीच्या पदरी असलेल्या एलिझाबेथ ब्लाउंटपासून झालेला, हेन्री फिट्झरॉय, १५१९ चा. सहा वर्षांचा असताना त्याला ड्यूक केलं, लाड केले, पण लग्नाबाहेरचा, त्यामुळे गादीचं नाव नको.

मग हेन्रीने डोक्यात घेतलं की वहिनीशी लग्न केलं म्हणूनच देवाने वंश खुंटवला. (परवानगी काढताना हे कुणाला आठवलं नाही!) पोपकडे मागणं गेलं, हे लग्न रद्द करा. पण १५२७ मध्ये स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट असलेल्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलेलं, पोप त्याच्या मुठीत, आणि चार्ल्स कोण, तर कॅथरीनचा सख्खा भाचा. पोप कसला हो म्हणतोय? शेवटी हेन्रीने रोमशीच काडीमोड घेतला, ॲन बोलेनशी लग्न केलं आणि १५३४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख स्वतःच झाला.

एवढा खटाटोप, आणि ॲनला १५३३ मध्ये झाली ती एलिझाबेथ. तीनच वर्षांत, १९ मे १५३६ ला, ॲनचं मुंडकं उडवलं, त्यासाठी तलवारवाला खास फ्रान्समधून आणलेला. अकराव्या दिवशी राजा परत बोहल्यावर, नवरी जेन सीमोर. १५३७ मध्ये तिला एडवर्ड झाला, आणि बाराव्या दिवशी जेन गेली.

पुढच्या तीन लग्नांतून मूलच नाही. क्लीव्हजच्या ॲनला सहा महिन्यांत सोडलं, ती निमूट 'हो' म्हणाली आणि हेन्रीच्या मागे दहा वर्षं मजेत जगली, सगळ्यांत हुशार हीच. कॅथरीन हॉवर्डचा शिरच्छेद. कॅथरीन पार शेवटपर्यंत टिकली.

आणि पोरींचं काय? मेरीला आधी अनौरस ठरवलं, मग १५३६ च्या कायद्याने एलिझाबेथलाही. १५४४ मध्ये नवा कायदा आला, दोघी परत रांगेत, एडवर्डच्या मागे, पण अनौरसपणाचा शिक्का तसाच! बापाने कागद एवढ्यांदा फिरवला की पोरींना आपण राजकन्या आहोत की नाही हेच कळू नये.

१५४७ ला हेन्री गेला. एडवर्ड नवव्या वर्षी राजा आणि पंधराव्या वर्षी गेलाही. मग थोडे दिवस जेन ग्रे, हेन्रीच्या धाकट्या बहिणीची नात, मग पाच वर्षं मेरी. आणि १५५८ ला ती, 'एस' चिकटवलेली. ४४ वर्षं तिने राज्य केलं. ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती हिनेच, म्हणजे आपल्या इतिहासातही ही बाई आलीच.

तिने लग्न केलं नाही. हेन्रीच्या गादीवर बसलेल्या तिन्ही पोरांना मूल नाही. मृत्युपत्रात त्याने थोरल्या बहिणीचा, मार्गारेटचा वंश मुद्दाम वगळलेला. १६०३ मध्ये एलिझाबेथ गेली आणि इंग्लंडच्या गादीवर बसला स्कॉटलंडचा जेम्स. मार्गारेटचा खापरपणतू... नाही, पणतू.