मामा म्हणजे आजी

(दृश्य : क्ले स्ट्रीटचा चढ. सकाळ. दप्तरं, स्वेटर, आजी-आजोबांच्या हातातले इवले हात.)

सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. क्ले स्ट्रीटचा हा चढ असा, की बोलत चढलात तर वाक्य अर्ध्यात तुटतं. रस्त्याखालच्या तारेने ओढली जाणारी जगातली पहिली केबल कार १८७३ साली याच रस्त्यावर धावली, ती काही हौसेपोटी नाही. आता ती शेजारच्या रस्त्यांवरून जाते आणि इथे पोरं पायीच शाळा गाठतात.

जरा कान देऊन ऐका. ‘मामा!’ ही हाक आजीला आहे, वडिलांच्या आईला. आणि आईला हाक मारायची असेल तर? तेही ‘मामा’च. फरक सुराचा. दोन्ही अक्षरं खालच्या पट्टीत लागली तर आजी, दुसरं वर चढलं तर आई. कँटोनीजमध्ये, म्हणजे दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या या चिनी भाषेत, असे सहा सूर आहेत. सूर चुकला की माणूस बदलतो.

आईची आई मात्र ‘पोपो’. वडिलांचे वडील ‘येये’, आईचे ‘गुंगगुंग’. काका आणि मामा, आत्या आणि मावशी यांना एकाच ‘अंकल-आंटी’त कोंबताना आपल्याला जी चुटपुट लागते, ती या गल्लीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

(दृश्य : शाळेचं फाटक. पाटी – गॉर्डन जे. लाउ प्राथमिक शाळा.)

ही सरकारी शाळा आहे. इथे अमेरिकी मुलं कँटोनीजमध्येही शिकतात. त्यांच्या फळ्यापर्यंत कँटोनीज कशी पोचली, ती गोष्ट तीन मुलांची आहे.

पहिली मुलगी मेमी टेप. वय आठ. तिचे आईवडील चीनमध्ये जन्मलेले, पण घरात इंग्रजी, अंगावर अमेरिकी फ्रॉक. १८८४ मध्ये आईवडील तिला जवळच्या स्प्रिंग व्हॅली शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिकेने दारातूनच परत पाठवलं : मुलगी चिनी आहे. चिनी मजुरांना देशात बंदी करणारा कायदा दोनच वर्षांपूर्वी झाला होता, तेव्हा हवा कशी होती ते कळतं. टेप कुटुंब कोर्टात गेलं आणि १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलंही. पण विधिमंडळाने झटपट नवा कायदा केला : चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढा, मग त्यांना दुसऱ्या शाळेत घ्यायला नको.

मेमीच्या आईने, मेरी टेपने, शिक्षण मंडळाला लिहिलेलं पत्र तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलं. ‘चिनी म्हणून जन्माला येणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे का? आपल्या सगळ्यांना देवानेच घडवलं ना?’ आणि पुढे : ‘तुम्ही काढलेल्या चिनी शाळेत मेमी टेप कधीही जाणार नाही. कधीही नाही!’ पत्रातली उद्गारचिन्हं मोजली तर आपण थकू. शेवटी मेमीला त्याच शाळेत जावं लागलं. शाळा उघडली तेव्हा पहिल्यांदा हजर झालेल्या मुलांत ती होती आणि तिचा भाऊ होता.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला चिनी शाळेत बसवलं. पुढे ती शाळा वाढली, तिचं नाव बदललं, पुन्हा बदललं. आज त्याच वंशावळीतली शाळा आपल्यासमोर उभी आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. १९६५ नंतरचं चायनाटाउन, शिवणकामाचे कारखाने, दाटीवाटीच्या खोल्या.)

दुसरा मुलगा किनी लाउ. शाळेच्या पाटीवरचा लाउ वेगळा, हा वेगळा. पाटीवरचे गॉर्डन लाउ शहराच्या सभागृहावर निवडून आलेले पहिले चिनी अमेरिकन. किनी मात्र हाँगकाँगहून आलेलं एक लहान पोर. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचं दार उघडलं तसे हाँगकाँगमधून लोक येत गेले, आणि जुन्या वस्तीतली, दक्षिण चीनमधल्या तोइसान भागाची गावबोली मागे पडून शहरी कँटोनीज पुढे आली. भाषा जपण्याच्या गप्पा मारताना हे विसरू नये. आज जी वाचवायची म्हणतो, तिनेही आपल्या धाकट्या बहिणीला बाजूला सारलंच होतं.

किनीला वर्गात एक अक्षर कळत नव्हतं. त्याची आई एका वकिलाकडे गेली होती ती घरमालकाशी चाललेल्या भांडणासाठी. बोलता बोलता मुलाच्या शाळेचा विषय निघाला. तो वकील एडवर्ड स्टाइनमन. त्यातून उभा राहिला ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ हा खटला. आकडे साधे होते. इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं शहराच्या शाळांत होती. त्यातल्या सुमारे हजारांना जादा मदत मिळत होती. उरलेली सुमारे १,८०० नुसती बाकावर बसून होती.

शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या शाळा-जिल्ह्याचं म्हणणं : सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच वर्ग. मग अन्याय कसला? २१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की ज्याला भाषाच कळत नाही, त्याला तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे.

या निकालातलं एक छोटं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. न्यायमूर्ती डग्लस लिहितात : या मुलांना इंग्रजी शिकवणं हा एक मार्ग, त्यांना चिनी भाषेतून शिकवणं हा दुसरा, आणखीही असू शकतील.

म्हणजे कोर्टाने मुलाला वर्गात काय चाललंय ते कळण्याचा हक्क दिला. घरची भाषा टिकवण्याचा हक्क दिला नाही. कँटोनीज आली ती शिडी म्हणून. इंग्रजीच्या माळ्यावर चढलात, आता शिडी काढून ठेवली तरी चालेल. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ती काढलीच. प्रस्ताव २२७ ने सरकारी शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ गुंडाळलं. सॅन फ्रान्सिस्को तगून राहिलं, कारण लाउ खटल्यातून आलेला कोर्टाचा करार हाताशी होता. २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ आला आणि तीच बंदी मतदारांनीच मोठ्या बहुमताने उठवली.

(दृश्य : वर्ग. भिंतीवर चिनी अक्षरांचे तक्ते.)

तिसऱ्या मुलाचं नाव सांगणार नाही. तो आज वर्गात बसलाय, आणि त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. घरी इंग्रजी. आईवडिलांना कँटोनीज तुटकी येते किंवा अजिबात येत नाही. मेमीसारखाच इंग्रजी बोलणारा, पण याला इथे कुणी कोंबलेलं नाही. पालकांनी प्रवेशाच्या अर्जात ही कँटोनीजची शाखा स्वतः मागितली.

या वाटेची सुरुवात १९८४ ची, वेस्ट पोर्टल शाळेतली. १९९५ मध्ये पूर्ण शाळाच अशी निघाली, ॲलिस फाँग यू यांच्या नावाची. १९२६ मध्ये या शहराच्या सरकारी शाळांत नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या चिनी अमेरिकन शिक्षिका. अशा शाखेत बालवाडीपासून दिवसाचा बहुतेक वेळ कँटोनीज चालते, गणितसुद्धा. वर जाल तसा इंग्रजीचा वाटा वाढतो.

आता वर्गातली खरी अडचण. पोरगं घरी म्हणतं, ‘सिक् फान’, म्हणजे जेवण जेवणं. पुस्तक उघडलं, तर छापलंय वेगळंच अक्षर, आणि ते वाचायचं ‘हेक् फान’. बोलताना ‘आहे’ म्हणजे ‘हाय्’, वाचताना ‘सी’. बोलताना ‘नाही’ला नुसतं ओठ मिटून ‘म्’, वाचताना ‘बात्’. कारण प्रमाण लिखित चिनी मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या राजभाषेच्या, बांध्यावर बेतलेली आहे. कँटोनीज माणूस ती वाचतो आपल्या उच्चारांनी, पण शब्द परके. गोव्यातल्या कित्येक जुन्या घरांत बोलणं कोंकणीतून आणि पोथी-पत्रव्यवहार मराठीतून चाले, ते आठवा. सहा वर्षांच्या मुलावर इथे ते ओझं आहे, वर हजारो अक्षरांचं पाठांतर.

अशा वेळी पालक विचारणारच : मग सरळ मँडरिनच का नको? नोकरीच्या बाजारात तिचं वजन जास्त, आणि जे बोलतो तेच लिहितो. २००६ पासून याच शहराच्या सरकारी शाळांत मँडरिनच्या शाखाही सुरू झाल्या. खुद्द कँटोनीजच्या माहेरीही शाळेची भाषा मँडरिन. २०१० मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहरात टीव्हीवरची कँटोनीज कमी करायची सूचना आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते.

मँडरिनच्या बाजूचा हिशेब चुकीचा नाही. पण तो हिशेब पोराच्या आजीला धरत नाही. चायनाटाउनच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, मतदानाच्या रांगेत मँडरिन बोलणारं नातवंड तिच्या उपयोगाचं नाही. याच खाडीच्या परिसरात मराठी मंडळींच्याही शाळा भरतात, पण त्या सुटीच्या दिवशी, पालकांच्या घामावर. आठवड्याचे पाच दिवस सरकारी खर्चाने शिकवणारा शिक्षक म्हणजे काय चीज आहे, ते त्या पालकांना विचारा.

आणि तो शिक्षकच मिळणं कठीण. पारंपरिक अक्षरं लिहिणारा, कँटोनीजमध्ये अपूर्णांक समजावणारा, वर राज्याचा द्विभाषिक परवाना असलेला, आणि या शहराचं घरभाडं परवडणारा. त्यात पटसंख्या घटतेय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शाळा-जिल्ह्याने बंद किंवा विलीन होऊ शकणाऱ्या शाळांची यादी जाहीर केली. त्यात स्प्रिंग व्हॅली होती. मेमीला दारातून परत पाठवणारी तीच शाळा. गदारोळ झाला, अधीक्षक पायउतार झाले, योजना थांबली.

(दृश्य : पोर्ट्समथ स्क्वेअर. दुपार. पत्त्यांचे डाव, बुद्धिबळाभोवती घोळका.)

शाळा सुटलीय. बाकावर आजी, मांडीवर डबा, शेजारी नात पुस्तक उघडून. नात मोठ्याने वाचते : ‘हेक् फान.’

‘सिक् फान,’ आजी म्हणते.

नात अक्षरावर बोट ठेवते. आजी मान हलवते आणि डबा उघडून तिच्यापुढे धरते.