चाळीस मतांचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. आज एका पत्राविषयी बोलायचंय. तारीख 27 नोव्हेंबर 1876. लिहिणारे रदरफर्ड हेज, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार. पत्र त्यांचे स्नेही जॉन शर्मन यांना. लुइझियानाच्या मतमोजणीवर नजर ठेवायला शर्मन न्यू ऑर्लिन्सला जाऊन बसले होते.

निकाल अडला होता. अमेरिकेचा अध्यक्ष राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी, म्हणजे निर्वाचक, ठरवतात. जिंकायला या निर्वाचकांची 185 मतं हवी होती; डेमोक्रॅट टिल्डन 184 वर, हेज 165 वर. उरलेली 20 वादात, त्यातली 19 दक्षिणेतल्या तीन राज्यांची. टिल्डनना एक मत पुरे होतं, हेजना वीसच्या वीस हवी होती.

अशा वेळी हेज काय लिहितात? आपल्याकडून काहीही वाकडं होता कामा नये. टिल्डन दांडगाईनं, धाकदपटशानं, लबाडीनं जिंकणार असतील तर जिंकू देत. पण कसून तपासल्यावर टिकणार नाही असा मार्ग आपल्याला नको.

हे वाक्य सगळे सांगतात. मला त्याच्या आधीचं बोचतं: निवडणूक सरळ झाली असती, तर दक्षिणेतून आपल्याला निर्वाचकांची निदान चाळीस मतं मिळाली असती. ही मतं कुणाच्या जिवावर? नुकतेच गुलामीतून सुटलेले, रिपब्लिकनांना मत देणारे काळे मतदार. बंदुका दाखवून त्यांना मतपेटीपासून लांब ठेवलं होतं. (ज्या अमेरिकनांनी त्यांना मुक्त केलं, त्यांनाच आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. गुलामी संपवणाऱ्या यादवी युद्धात हेजही लढलेले, जखमी झालेले.)

पुढे वादातल्या मतांचा निकाल लावायला पंधरा जणांचा आयोग बसला, आठ विरुद्ध सात असा कौल पडत गेला आणि 185-184 नं हेज अध्यक्ष झाले. शर्मन अर्थमंत्री. एप्रिल 1877 मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियानाच्या राज्यभवनांवरचा केंद्राच्या सैनिकांचा पहारा उठला; तिथल्या रिपब्लिकन सरकारांचा आधारच गेला.

सप्टेंबरात हेज स्वतः दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. लुइव्हिल, नॅशव्हिल, चॅटनूगा, अटलांटा. सोबत साउथ कॅरोलिनाचे डेमोक्रॅट गव्हर्नर वेड हॅम्प्टन! त्यांच्याच लाल शर्टवाल्या समर्थकांनी आदल्या वर्षी साउथ कॅरोलिनात काळ्या मतदारांना धमकावत धुमाकूळ घातला होता. अटलांटात हेज काळ्या श्रोत्यांकडे वळून म्हणाले, केंद्र सरकारनं इथल्या गोऱ्या लोकांना त्यांच्या त्यांच्यावर सोडलं, तर तुमचे हक्क जास्त सुरक्षित राहतील. गर्दीनं जयजयकार केला.

दहा महिन्यांपूर्वीच्या पत्रात हेच लोक चाळीस मतं होते.